लोकगायकाचा गळा आणि यंत्राचा सूर

(गोराई येथील विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही बँकेतले कारकून. कला शाखेची पदवी घेतली ती मराठी साहित्य घेऊन. संगीताचे शास्त्रोक्त शिक्षण आम्हाला मिळालेले नाही. परंतु ज्या घरात वाढलो त्या घरात जयंतीच्या महिनाभर आधीपासून ढोलकी तापवली जायची, पेटीचा भाता दुरुस्त व्हायचा आणि वडीलधारी मंडळी रात्री उशिरापर्यंत कोरस घटवत बसायची. तेव्हा गाण्याविषयी चार शब्द बोलण्याचा अधिकार आम्हाला शाळेने दिला नाही, वस्तीने दिला, असे समजावे.

आजचा विषय तुम्हाला थोडा वेगळा वाटेल. लोकगायकाच्या आवाजावर हल्ली चित्रपटात आणि चित्रपटाबाहेरही यंत्राची प्रक्रिया होते. ती चांगली की वाईट, आणि आपण तिच्याशी कसे वागावे, याचा विचार करायचा आहे. हा विषय आम्हाला सुचला तो आपल्याच घरातल्या एका प्रसंगावरून.

मागे आपल्या मंडळाने जयंतीसाठी एक गीत ध्वनिमुद्रित करायचे ठरविले. महिला मंडळातील एका वयोवृद्ध मावशींना जात्यावरच्या अनेक ओव्या येतात. त्यांतल्या काही ओव्या बाबासाहेबांवरच्या आहेत. मुलांनी ठरविले की गीताच्या सुरुवातीला मावशींचा आवाज घ्यायचा आणि मग ठेका सुरू करायचा. मावशी स्टुडिओत गेल्या, कानाला हेडफोन लावून गायल्या, घरी आल्या. आठ दिवसांनी गाणे तयार झाले आणि आम्ही सर्वांनी ते एकत्र बसून ऐकले. मुले खूश झाली. मावशी मात्र गप्प होत्या. कुणीतरी विचारले, "मावशी, आवडलं का?" त्या म्हणाल्या, "आवाज माजाच हाय बाळा, पन त्यात मी न्हाई."

मित्रहो, हे वाक्य आमच्या डोक्यातून जाईना. आवाज त्यांचा आणि त्यात त्या नाहीत, म्हणजे नेमके काय झाले? याचा शोध घेण्यासाठी आम्ही वाचायला आणि जाणकारांना विचारायला लागलो. त्यातून जे हाती आले ते तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट ही, की आवाजावर परिणाम साधणे हा काही आजचा प्रकार नाही. आपल्या बोरिवलीलाच कान्हेरीची लेणी आहेत. तेथील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील चैत्यगृहात उभे राहून त्रिशरण म्हणून पाहा. शब्द संपला तरी आवाज संपत नाही. तो कमानीच्या छताला, दगडी भिंतींना आपटून परत येतो आणि एकट्याचा आवाज संघाचा वाटू लागतो. अठराशे वर्षांपूर्वी कोरलेल्या त्या दगडात जे घडते, तेच आज स्टुडिओतले यंत्र करते. त्याला रिव्हर्ब म्हणतात. खाडीपलीकडे २००९ साली खुला झालेला पॅगोडा तुम्ही रोज पाहता. त्याच्या घुमटाखाली आठ हजार माणसे बसतील एवढी जागा आहे आणि मध्ये एकही खांब नाही. परंतु ती जागा मौनासाठी आहे, म्हणून प्रयोग करायचा तर कान्हेरीलाच करावा!

चित्रपटातही हे पूर्वीपासून चालत आले. १९४९ सालच्या 'महल' चित्रपटातील लता मंगेशकरांच्या गाजलेल्या गीताची हकीकत प्रसिद्ध आहे. आवाज दुरून जवळ येतो असे वाटावे म्हणून त्यांना माइकपासून लांब उभे करून गात गात माइककडे चालत यायला लावले होते. यंत्र नव्हते तेव्हा माणसाने पावलांनी परिणाम साधला.

आपल्या पेटीचेच घ्या. हार्मोनियममध्ये बारा सूर ठरलेले असतात. दोन सुरांच्या मधली जागा त्यात नाही. या आणि अशा कारणांनी आकाशवाणीने १९४० ते १९७१ अशी सुमारे तीस वर्षे पेटीला बंदी घातली होती. परंतु आपल्या गायन पार्ट्यांनी पेटी सोडली नाही. कारण ती स्वस्त, खांद्यावरून नेता येणारी आणि चाळीच्या गोंगाटात ऐकू जाणारी. तेव्हा "यंत्र आले, कला बुडाली" असे म्हणणाऱ्यांच्या सुरात आम्ही सूर मिसळणार नाही. आपल्या समाजाने नवे साधन मिळाले की ते उचलले आहे आणि आपल्या कामाला लावले आहे.

१९३०च्या दशकात नाशिक भागातून भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे आंबेडकरी जलसे निघाले तेव्हा माइक नव्हता. गावकुसाबाहेर कंदिलाच्या उजेडात शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचवायचा तर गळा टिपेलाच लावावा लागे. तो उंच सूर, ती फेक, ही त्या गायकीची गरज होती. पुढे सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक आले. १९२२ ते २००४ हा त्यांचा जीवनकाळ. त्यांनी हजारो गीते रचून गावोगाव पोचविली. लोकशाहीर विठ्ठल उमप यांचा पहाडी आवाज तुमच्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर, व्यासपीठावर असतानाच त्यांचे प्राण गेले. या सर्वांचा गळा हीच त्यांची ओळख होती. दुसऱ्या खोलीत रेडिओ लागला तरी कोण गाते हे सांगता यायचे.

आमचे बालपण कॅसेटच्या काळातले. प्रल्हाद शिंदे आणि त्यांचे पुत्र आनंद व मिलिंद यांच्या कॅसेट टेपरेकॉर्डरवर घासून घासून वाजायच्या. कॅसेटमुळे भीमगीत पहिल्यांदाच बाजारात स्वतःच्या पायावर उभे राहिले. मोठ्या कंपन्यांच्या तबकड्यांवर ज्यांना जागा नव्हती, त्यांना जागा मिळाली. त्या काळात इको नावाचा परिणाम सर्वत्र आला. मंडपातल्या अँप्लिफायरवर इकोचे एक बटण असे आणि ते फिरवले की "जयभीम" तीनदा ऐकू येई. आम्हा मुलांना त्याचे फार कौतुक वाटे. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्या. इको गायकाच्या आवाजाची सावली पाडतो, आवाज बदलत नाही. बटण शून्यावर आणले की प्रल्हाददादांचा गळा जसाच्या तसा समोर उभा.

आता खरा फरक कोठे पडला ते सांगतो. आवाजाचे तुकडे करून पुन्हा जुळविण्याचे यंत्र अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत होमर डडली यांनी १९३०च्या दशकात तयार केले. त्याचे नाव व्होकोडर. हेतू संगीताचा नव्हता, दूरध्वनीच्या तारेतून कमी जागेत बोलणे पाठवता यावे हा होता. दुसऱ्या महायुद्धात गुप्त संभाषणासाठी हे तंत्र वापरले गेले. पुढे कितीतरी वर्षांनी संगीतकारांनी ते हाती घेतले.

त्यानंतर १९९७ साली ऑटो-ट्यून आले. हे बनविणारे अँडी हिल्डब्रँड हे भूगर्भातील कंपनांचा अभ्यास करणारे. जमिनीत लहरी सोडून, त्यांच्या परतीवरून तेल कोठे आहे हे ओळखण्याचे गणित त्यांना येत होते. तेच गणित त्यांनी आवाजाला लावले. यंत्र गायकाचा सूर मोजते, ठरविलेल्या सप्तकातील सर्वांत जवळचा सूर कोणता ते पाहते आणि गायकाचा सूर ओढून तेथे नेऊन बसवते. किती वेगाने ओढायचे ते ठरवता येते. हळू ओढले तर ऐकणाऱ्याला कळत नाही, गायक सुरेल आहे एवढेच वाटते. वेग पूर्ण ठेवला तर सूर पायऱ्यांवरून उड्या मारल्यासारखा ऐकू येतो. १९९८ साली शेर या गायिकेच्या 'बिलीव्ह' या गाण्यात हा परिणाम मुद्दाम वापरला गेला आणि जगभर त्याची लाट आली. आपल्या हिंदी-मराठी चित्रपटांतही ती यायला वेळ लागला नाही.

आता मावशींच्या वाक्याचा उलगडा होतो. जात्यावरची ओवी पेटीच्या पट्ट्यांवर बसत नाही. जाते फिरते तसा आवाज फिरतो. खुंटा ओढताना सूर थोडा चढतो, हात परतताना थोडा उतरतो, ओळीच्या शेवटी हेल लांबतो आणि दम संपतो तेथे आवाज किंचित फाटतो. यंत्राला यातले काही ठाऊक नाही. त्याच्या लेखी चढलेला सूर ही चूक, उतरलेला सूर ही चूक आणि फाटलेला आवाज हा दोष. त्याने इमानेइतबारे सगळे दुरुस्त केले. आमच्या बँकेत दोन्ही बाजूंची बेरीज जुळली नाही तर चूक शोधावी लागते, हे खरे. परंतु माणसाचा गळा म्हणजे खतावणी नव्हे. मावशींच्या आवाजातून यंत्राने जे वजा केले, त्यात त्यांची पन्नास वर्षांची दळणे होती.

याचा अर्थ चित्रपटात लोकसंगीत आणि यंत्र यांचा मेळ जमतच नाही असे नाही. उत्तम जमतो. पुणे जिल्ह्यातून आलेल्या अजय-अतुल या गोगावले बंधूंचे काम पाहा. 'जोगवा'च्या संगीतासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०१० साली 'नटरंग' आला. २०१६ साली नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'साठी त्यांनी अमेरिकेत लॉस एंजेलिसला जाऊन तेथील मोठ्या वाद्यवृंदाकडून संगीत वाजवून घेतले आणि त्याच चित्रपटात 'झिंगाट'मध्ये वरातीचा नाच इलेक्ट्रॉनिक ठेक्यावर चढवला. अमेरिकेचा वाद्यवृंद आणि करमाळ्याकडची बोली एकाच चित्रपटात शेजारी बसली. यंत्र होते, पण वरात आपलीच राहिली.

दुसरे उदाहरण २००६ सालच्या 'जत्रा' चित्रपटातील 'कोंबडी पळाली' या गीताचे. आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांनी ते गायले. २०१२ साली तीच चाल हिंदी 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली' होऊन आली आणि श्रेया घोषाल यांनी गायली. संगीतकार तेच, दोन्ही गाणी लोकप्रिय. परंतु मराठी गाण्यात आनंद शिंदेंचा जो रांगडा, कव्वालीत तयार झालेला गळा होता, तो हिंदीत गेला नाही. चाल मुंबईहून देशभर गेली, गळा येथेच राहिला. चालीला तिकीट मिळते, गळ्याला मिळेलच असे नाही, हे येथे दिसते.

तिसरे उदाहरण इंदूरच्या मराठी घरात वाढलेल्या स्नेहा खानवलकर यांचे. २००८ सालच्या 'ओये लकी! लकी ओये!' साठी त्या हरियाणात रागिणी गाणाऱ्यांच्या शोधात फिरल्या. २०१२ सालच्या 'गँग्स ऑफ वासेपुर'साठी बिहारात गेल्या आणि थेट त्रिनिदादपर्यंत पोचल्या. ब्रिटिशांनी ऊसमळ्यांवर नेलेल्या भारतीय मजुरांच्या वंशजांनी तेथे चटणी संगीत नावाचा प्रकार जपला आहे, त्याचा गायक त्यांनी या चित्रपटात आणला. आपल्या मुंबईच्या लोकलमध्ये गाणाऱ्या एका लहान मुलीचा आवाजही त्यात आहे. या गाण्यांत संगणक आहेच. परंतु गाणाऱ्यांचे उच्चार, त्यांचा कच्चेपणा, त्यांचा दम घासून गुळगुळीत केलेला नाही. यंत्र गायकाकडे गेले. गायकाला यंत्रासारखे व्हायला सांगितले नाही. आमच्या मते चांगल्या आणि वाईट मिश्रणातला फरक एवढाच आहे.

आणि काही आवाज असे असतात की त्यांना हातच लावू नये. मित्रहो, आपल्या उपनगरातील घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि दहा जण मृत्युमुखी पडले. मुलुंडला राहणारे शाहीर विलास घोगरे यांना ते सहन झाले नाही. काही दिवसांतच त्यांनी आपले जीवन संपविले. त्यांचा आवाज आनंद पटवर्धन यांनी त्याआधी १९८५ सालच्या 'हमारा शहर' या माहितीपटात टिपून ठेवला होता. पुढे २०११ साली आलेला 'जय भीम कॉम्रेड' हा दीर्घ माहितीपट विलास घोगरेंच्या आठवणीपासूनच सुरू होतो. तो आवाज ऐका. त्यात ना रिव्हर्ब, ना सुराची दुरुस्ती. रस्त्यावरचा गोंगाटही त्यात आहे. तो आवाज म्हणजे साक्ष आहे, आणि साक्षीदाराचा जबाब कोणी सुरेल करीत नाही. २०१४ सालच्या 'कोर्ट' चित्रपटातही संभाजी भगत यांचे संगीत असलेली शाहिरी आपण ऐकतो, तीही उघड्या व्यासपीठावरची, बिनसजावटीची.

पुण्यातील हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. ज्या बायकांना अक्षर येत नव्हते त्यांनी दळता दळता आपला इतिहास रचला. त्यांचे मूळ आवाज ध्वनिमुद्रित झाले म्हणून आज आपण ते ऐकू शकतो. हे मूळ आवाज जपणाऱ्यांनी केवढे मोठे काम केले, हे मावशींच्या प्रसंगानंतर आम्हाला अधिक कळले.

आता प्रश्न नावाचा आणि पैशाचा. आम्ही बँकेत साध्या पाचशे रुपयांसाठी सही घेतो, ती पडताळतो, नोंद करतो आणि मगच रक्कम देतो. गाण्याच्या व्यवहारात मात्र "पारंपरिक" हा एक शब्द लिहिला की काम संपते. परंपरा म्हणजे कोण? कुणाची तरी आई, कुणाची तरी आजी. गीत जुने असेल, रचणाऱ्याचे नाव हरवले असेल, पण गाणारी तर समोर उभी आहे! २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटासाठी गीत लिहिणारे आणि चाल लावणारे यांचा मानधनाव्यतिरिक्त रॉयल्टीतील हक्क मान्य झाला आणि सादर करणाऱ्या कलावंतालाही व्यापारी वापरातून वाटा मागण्याचा हक्क मिळाला. कॅसेटच्या काळात आपल्या कितीतरी गायकांनी एकरकमी बिदागी घेतली आणि पुढे त्यांच्या आवाजावर दुसऱ्यांची दुकाने चालली. विद्यार्थ्यांनी हा कायदा वाचावा. वाचता येणे ही आपल्याला फार मोठ्या लढ्यानंतर मिळालेली गोष्ट आहे, ती सहीच्या जागी वापरावी.

आता मुलांची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आमचे भाषण एकतर्फी होईल. मावशींचा प्रसंग झाला तेव्हा एका विद्यार्थ्याने आम्हाला स्पष्ट विचारले, "काका, मावशींची नुसती ओवी आम्ही लावली असती तर किती मुलं थांबली असती?" आम्हाला उत्तर देता आले नाही, कारण तो खरे बोलत होता. जयंतीच्या दिवशी ते गाणे वाजले तेव्हा मुले नाचली, आणि त्यानंतर शाळेत जाणाऱ्या दोन मुली मावशींच्या दारात जाऊन म्हणाल्या, "आजी, ते सुरुवातीचं कसं आहे, आम्हाला शिकवा." जी ओवी मावशींच्या स्वतःच्या सुनांनी कधी विचारली नाही, ती त्या मुलींनी विचारली. त्यांना दारापर्यंत आणले ते यंत्राने, हे आम्हाला नाकारता येत नाही. आणि दारात आल्यावर त्यांना शिकवले ते मावशींच्या मूळ गळ्याने, हे त्या विद्यार्थ्यालाही नाकारता आले नाही.

या सर्व विचारांतून आम्ही संस्थेपुढे चार सूचना ठेवतो. पहिली, यापुढे आपण जे जे ध्वनिमुद्रण करू त्याची, कोणतीही प्रक्रिया होण्यापूर्वीची, मूळ प्रत संस्थेकडे वेगळी जपून ठेवावी. दुसरी, प्रत्येक गीतासोबत गाणाऱ्याचे नाव, गाव आणि ते गीत त्याने कोणाकडून ऐकले याची नोंद वहीत करावी. तिसरी, प्रक्रिया केलेले गाणे बाहेर देण्यापूर्वी ते गाणाऱ्याला ऐकवावे आणि त्याने होकार दिला तरच वाजवावे. चौथी, मिळकत होवो वा न होवो, गायकाचा वाटा आधी कागदावर लिहावा. या चार गोष्टींना ना मोठा स्टुडिओ लागतो, ना देणगी लागते. एक वही, एक पेन आणि थोडी लाज एवढे पुरे.

मिरवणुकीतील डीजेबद्दलही एक शब्द. रहिवासी भागात ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी नियमात आहे. नियमाची गोष्ट बाजूला ठेवली तरी, ज्या आवाजात शब्दच ऐकू येत नाही तो भीमगीताचा सन्मान कसा? जलसेकारांनी गळा फोडला तो शब्द पोचावा म्हणून. आपल्याकडे एवढी साधने असून शब्द पोचत नसेल, तर दोष यंत्राचा नाही, आपला आहे.

शेवटी मावशींकडे येतो. मुलांनी त्या गाण्याची दुसरी प्रत तयार केली. ठेका तोच ठेवला, पण ओवीवरची सुराची दुरुस्ती काढून टाकली. तीन ओळी मावशी एकट्या गातात, आवाज एका ठिकाणी फाटतो, आणि मग ढोलकी येते. मावशींना ती ऐकवली. त्यांनी डोळे मिटले, हात गुडघ्यावर जात्यासारखा फिरू लागला. गाणे संपल्यावर म्हणाल्या, "आता बराबर हाय. पन दुसऱ्या ओळीत मी चुकले बगा." आम्ही म्हटले, "असू द्या मावशी." तर म्हणाल्या, "असू द्या कसं? परत गाते मी."

मित्रहो, दुरुस्ती करायची तर ती गाणाऱ्याने करावी. एवढेच आम्हाला सांगायचे होते.

जयभीम! नमो बुद्धाय!